खंडेनवमीनंतरचं रीडिंग

चार यायला हवे होते. पावणेतीन आले.

मी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा पावणेतीन. समोरची बाटली काढली, हलवली, परत ठेवली, तरी तेच. निखिल माझ्या मागे उभा होता. मी नागपूरहून आणलेल्या संत्रा बर्फीचा तुकडा त्याच्या हातात होता, तो हातातच राहिला.

"मॅडम, हे काऊन असं होऊन रायलं?" तो म्हणाला.

निखिल यवतमाळचा. पुण्यात राहून त्याचं बोलणं बरंच इकडचं झालंय, पण घाबरला की यवतमाळ वर येतं. मी म्हटलं, "आधी बर्फी खा. मग बघू." त्यानं तुकडा कागदात गुंडाळून खिशात ठेवला. तेव्हा मला कळलं की प्रकरण त्याच्या मनानं फारच घेतलंय.

चार काय आणि पावणेतीन काय, ते आधी सांगते, नाहीतर पुढचं सगळं हवेत जाईल. काही पदार्थांवर निळा प्रकाश टाकला की ते तो गिळतात आणि थोड्या वेळानं दुसऱ्या रंगाचा प्रकाश परत देतात. हायलायटर पेनची शाई चमकते ती यामुळेच. हा 'थोडा वेळ' इतका थोडा असतो की तो सेकंदाच्या अब्जाव्या भागात मोजावा लागतो. त्या भागाला नॅनोसेकंद म्हणतात. आणि प्रत्येक पदार्थाची परत देण्याची सवय ठरलेली असते. शेजारणी वाटीभर साखर नेतात, त्यातली एक तासाभरात वाटी परत आणते, दुसरी चार दिवसांनी. सोसायटीत काही वर्षं काढली की वाटी केव्हा परत आली यावरून ती कोणाकडे गेली होती हे ओळखता येतं. पदार्थाच्या या सवयीला आम्ही लाइफटाइम म्हणतो. आमच्याकडे रोज सकाळी एका ठरलेल्या रंगद्रव्याच्या बाटलीवर यंत्र तपासून घ्यायची पद्धत आहे. त्या रंगद्रव्याचा लाइफटाइम चार नॅनोसेकंद. चार आले की यंत्र शुद्धीवर आहे असं समजायचं आणि चहा घ्यायचा.

आमची कंपनी लहान. कोथरूडमधल्या एका बंगल्याचा पहिला मजला, एवढाच पसारा. दामले सर मालक, मी ऑप्टिक्स आणि टेस्टिंग बघते, निखिल चिप डिझाइन करतो. मंदाताई ऑफिस सांभाळतात, म्हणजे आम्ही तिघं सोडून उरलेलं सगळं. आम्ही करत होतो ते यंत्र तोंडाच्या कॅन्सरच्या तपासणीसाठी होतं. तोंडाच्या आतलं अस्तरही निळ्या प्रकाशाला असंच उत्तर देतं. जागा तंबाखू-गुटख्यानं आतून बिघडायला लागली की तिचा लाइफटाइम बदलतो, बहुधा कमी होतो, आणि हा बदल डोळ्याला काही दिसायच्या आधीही पडू शकतो. मार्करपेनाएवढा प्रोब गालाच्या आत टेकवायचा आणि रीडिंग घ्यायचं. हिरवा दिवा लागला तर ठीक. लाल लागला तर डॉक्टरांनी नीट तपासायचं, लागलं तर तुकडा काढून बघायचा.

हे मोजणारी परदेशी यंत्रं आहेत. ती एका टेबलावर मावत नाहीत. आमचं यंत्र हातात मावत होतं ते निखिलच्या चिपमुळे. नखाएवढ्या तुकड्यावर प्रकाश पकडणारे हजारो बारीक पिंजरे, अगदी उंदराच्या पिंजऱ्यासारखे. प्रकाशाचा एक कण, म्हणजे एक फोटॉन, आत पडला की पिंजरा खटकन मिटतो आणि मिटल्याची वेळ नोंदतो. मग लगेच उघडून पुन्हा तयार. एकच कण पकडायचा आणि त्याची वेळ नॅनोसेकंदाच्याही छोट्या भागापर्यंत सांगायची, एवढं एकच काम. निखिलनं या पिंजऱ्यांवर तीन वर्षं घालवली होती. लग्न पुढे ढकललं होतं असंही ऐकलं होतं, पण ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आता चिप काही कोथरूडमध्ये भाजून निघत नाही. ती परदेशातल्या कारखान्यात बनते. आमच्यासारख्या लहान कंपन्या अनेक जणींची डिझाइनं एकाच तबकडीवर बसवून पाठवतात, शेअर रिक्षासारखं. रिक्षा भरली की सुटते आणि पुढची कधी लागेल ते रिक्षावालाच जाणे. आमच्या सुधारलेल्या चिपचं डिझाइन दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत पाठवायचं होतं. पाठवायचं की नाही, हे दामले सरांनी ठरवायचं. नाही म्हणाले असते तर बाहेरून तयार डिटेक्टर आणायचा, यंत्र पुन्हा कपाटाएवढं करायचं आणि निखिलच्या तीन वर्षांवर पाणी सोडायचं असा त्याचा अर्थ होता.

सरांचं मन आधीच डळमळीत होतं. त्याला कारण डॉ. शिरोळे. या बाई कॅम्पातल्या एका हॉस्पिटलात तोंडाच्या सर्जन आहेत, आमचं दुसरं एक यंत्र त्यांच्याकडे होतं आणि त्याची चाचणी त्याच करत होत्या. दसऱ्याच्या आधी त्यांचा फोन आला होता. "तुमच्या यंत्राच्या मते माझ्या निम्म्या नर्सना कॅन्सर होणार आहे. मला ड्युट्या लावायच्या आहेत, निदान केव्हा होणार तेवढं तरी सांगा." पेशंटांच्या आधी धडधाकट माणसांवर यंत्र लावून बघायचं, म्हणून त्यांनी स्वतःच्या नर्स बसवल्या होत्या. एकीनंही कधी तंबाखूला हात लावलेला नव्हता. डॉक्टरांनी नर्सची तोंडं तपासली, काही सापडलं नाही. तरी दिवा लाल. त्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः येणार होत्या, आणि काय म्हणणार हे कळायला ज्योतिषाची गरज नव्हती.

अशा वेळी सकाळी पावणेतीन आले.

सर आले तेव्हा आम्ही रंगद्रव्याचं नवं द्रावण करून लावलं होतं.

"सुजाता, काय परिस्थिती?"

"पावणेतीन."

"काल किती होते?"

"काल दसरा होता सर."

"परवा?"

"परवा मी नागपूरला होते. रजेवर जायच्या आधी चार सोडून गेले होते."

"म्हणजे तुम्ही गेलात आणि चारही गेले," सर म्हणाले. पुण्याच्या माणसाला संकटातही हे सुचतं.

माझ्या रजेचं सांगायला हवं. आमच्या घरी दसऱ्याला शस्त्रं किंवा अवजारं पुजत नाहीत. माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्या दिवशी आमच्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन असतो. एरवी विश्रांतवाडीतल्या विहारात जातो. त्या वर्षी आईनं हट्ट धरला की गुडघे चालताहेत तोवर एकदा दीक्षाभूमीवर ने. म्हणून नवमी आणि दशमी असे दोन्ही दिवस मी नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकेक संशयित तपासायला घेतला. द्रावण नवं केलं होतं, ते सुटलं. लेझर वेगळा काढून बघितला, तोही ठणठणीत. मग वाटलं प्रकाश फार जास्त पडत असेल. एकाच वेळी खूप उंदीर आले तर पिंजरा पहिल्यालाच धरतो, मागून येणारे सुटतात, आणि सगळे उंदीर लवकर येतात असा आपला समज होतो. म्हणून प्रकाश कमी केला, आणखी कमी केला. रीडिंग हललं नाही. एसी वाढवून चिप थंड केली. काही नाही. प्रोबच्या पुढे एक छोटी काच असते, तिच्यातून प्रकाश आतबाहेर करतो. ती मी स्पिरिटनं स्वच्छ पुसली. रीडिंग पावणेतीनचं अडीच झालं.

"उतरत चाललंय," सर म्हणाले.

जेवण पुढे ढकलून काच पुन्हा पुसली. सव्वादोन.

"चिप बसत चालली आहे, सुजाता. दर तासाला उतरतेय."

"चिप अशी तासातासाला नाही बसत सर."

"मग काय बसतंय?"

निखिलनं बॉक्समधली एक कोरी चिप काढून यंत्रात बसवली. आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत राहिलो. सव्वादोन.

निखिल स्टुलावर बसला. "डिझाइनच चुकलं सर," तो म्हणाला. "सगळा लॉट तसाच असणार. उद्याचं नका पाठवू."

सर त्याला रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "संध्याकाळी त्या बाहेरच्या डिटेक्टरवाल्यांशी बोलतो," आणि केबिनमध्ये गेले.

मला राग आला. निखिलचा जास्त आला. तीन वर्षं ज्या पोरीला सांभाळलं तिच्यावर पहिल्या तक्रारीला असा आळ घ्यायचा? "अरे, जरा डोकं चालव," मी म्हटलं. "जुनी चिप दोन महिने राबतेय. ही नवी, हिनं आजवर वीजसुद्धा पाहिलेली नाही. दोघी एकाच दिवशी, अगदी तेवढ्याच बिघडतात? सासू-सुनेचं एवढं एकमत मी विश्रांतवाडीत कुठे पाहिलं नाही."

"मग बिघडलं काय मॅडम?"

"चिप सोडून काहीतरी. दोघींना जे एकच होतं ते."

बोलताना मलाच एक गोष्ट टोचली. रीडिंग तासातासाला उतरत नव्हतं. मी पुसलं की उतरत होतं. मधल्या वेळात आम्ही कितीदा तरी मोजलं, ते जागचं हललं नव्हतं.

मग मी सकाळीच करायला हवं होतं ते केलं. समोरची बाटली काढून टाकली. यंत्र काळ्या डब्यात ठेवलं, झाकण लावलं आणि लेझर चालू केला. समोर काही नाही, म्हणजे परत येणारा प्रकाशही नाही, स्क्रीनवर जवळजवळ सपाट रेघ दिसायला हवी. दिसली ती छोटी टेकडी. लेझर पेटल्यावर लगेच उभी राहणारी आणि झटकन उतरणारी.

मी सरांना बोलावलं. "हा चिपचा स्वतःचा आवाज असेल," सर म्हणाले. तेही चूक नव्हतं. अंधारात चिप थोडी बडबडतेच. पिंजरा कधीकधी उंदीर नसतानाही मिटतो.

"पण सर, ती बडबड केव्हाही होते. तिला लेझर कधी पेटला हे माहीत नसतं. हे बरोब्बर लेझरच्या मागून येतंय, प्रत्येक वेळी. समोर कोणी नाही, तरी कोणीतरी वाटी परत करतंय. आणि फार लवकर करतंय."

काचेभोवती एक काळी रबरी रिंग असते. रिंग आणि काच यांच्यामध्ये बारीक खाच. मी कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवली आणि त्या खाचेतून फिरवली. बाहेर आली ती पिवळी.

ऑप्टिक्समध्ये मी बरीच वर्षं काढली आहेत, पण तो पिवळा ओळखायला त्यातलं काही लागलं नाही. आमच्या घरातल्या प्रत्येक प्लास्टिकच्या डब्याला तो लागलेला आहे आणि कोणत्याही साबणानं गेलेला नाही. काडीवर निळा टॉर्च मारला. ती हिरवट-पिवळी झगझगली.

"हळद," मी म्हटलं.

"हळद?" सर म्हणाले. "यंत्रात हळद कुठून येईल?"

निखिलचा चेहरा हळूहळू बदलत गेला, पाणी उतरल्यावर नदीचा तळ दिसावा तसा.

मी मंदाताईंच्या टेबलाशी गेले. मागोमाग दोघंही आले.

"मंदाताई, नवमीला पूजा झाली का हो?"

"अगं, म्हणजे काय! खंडेनवमीला झाली नाही असं एक वर्ष दाखव. छान झाली. तू नव्हतीस."

"माझ्या यंत्राला हळदकुंकू लावलंत?"

"लावणार नाही? मानाचं यंत्र ते. आधी त्यालाच लावलं, मग बाकीच्यांना."

"कुठे लावलंत?"

"स्क्रीनला नाही हं लावलं," त्या घाईनं म्हणाल्या. "मागच्या वर्षी कीबोर्डात अक्षता गेल्या तर सर केवढे ओरडले होते. म्हणून मी पुढे लावलं. ते काळं गोल आहे ना, तिथे. काळ्यावर काय उठून दिसत होतं म्हणून सांगू! आणि तुला सगळं स्वच्छ लागतं हे मला माहितीये, म्हणून संध्याकाळी ओल्या फडक्यानं पुसूनही ठेवलं."

निखिलनं खिशातून फोन काढला. आमच्या यंत्राचा फोटो होता. झेंडूचं फूल, कुंकवाचं बोट आणि रिंगवर हळदीचा ठसठशीत ठिपका. शेजारी दामले सर हात जोडून उभे.

"तू तिथे होतास," मी म्हटलं. "सरही होते. सकाळपासून आपण शोधतोय की दोन दिवसांत काय बदललं. एकालाही सांगावंसं वाटलं नाही?"

"त्यात सांगायचं काय मॅडम? पूजा तर होतच असते ना."

त्याचं खरंच होतं. एसीचं तापमान बदललं असतं तर त्यानं सांगितलं असतं. पूजा म्हणजे यंत्राला काही 'केलं' असं त्या दोघांच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. माझ्या डोक्यात ते पहिल्या मिनिटाला आलं असतं, पण यंत्राला हळद लावल्याचं मला माहीत नव्हतं. मी पुसत होते तेव्हा स्पिरिटमध्ये खाचेतली हळद विरघळून काचेवर पसरत होती. जितकी स्वच्छता तितकी हळद. आणि तो पातळ थर डोळ्याला दिसत नव्हता.

मंदाताई उभ्या राहिल्या. "म्हणजे माझ्या हळदीनं बिघडलं? सकाळपासून तुम्ही उपाशी बसलात ते माझ्यामुळे?" मला फार वाईट वाटलं.

दामले सर चष्मा पुसत म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वर्षीपासून लॅबमध्ये पूजा बंद. सुजाता, बरोबर ना?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ऑफिसात पूजेला हात न जोडणारी मी एकटी. तेव्हा माझं मत आधीच ठरलेलं आहे असं सरांनी धरलं होतं. कुणाच्या सणाला टाळं लावायला माझा अंगठा लागावा, हे मला मुळीच आवडलं नाही. शिवाय माझ्या डोक्यात तेव्हा दुसरंच चक्र चालू झालं होतं.

"सर, घाई नको. या हळदीनं आपल्यावर उपकार केलेत असं मला वाटतंय. निखिल, नर्सची रीडिंग डॉक्टर कधी घेतात?"

"सकाळीच. ड्युटीवर आल्या की."

"नाश्ता करून?"

निखिलनं एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या पिवळ्या काडीकडे बघितलं. "पोहे," तो म्हणाला.

मी डॉ. शिरोळेंना फोन लावला.

"डॉक्टर, ज्या नर्सचा दिवा लाल आला त्यांनी आधी पोहे खाल्ले होते का?"

"मी सर्जन आहे. नर्सच्या ताटात बघत नाही. आता कॅन्सर पोह्यांनी होतो म्हणायचंय का?"

"नाही. पोह्यातली हळद आमचं यंत्र बघतंय असं वाटतंय. उद्या त्यांच्यापैकी एकीला काही न खाता घेऊन याल का?"

"बघते," म्हणून त्यांनी फोन ठेवला. हो म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही.

आम्ही रिंग काढून नवी बसवली. काचही नवी बसवली, रंगद्रव्याची बाटली लावली. मी निखिलला म्हटलं, बटण तू दाब. त्यानं दाबलं. चार. जुनी चिप परत लावली. चार. त्यानं खिशातून कागद काढून ती बर्फी खाल्ली. मी इतकी खूश होते की सरांसमोर त्याच्या पाठीत धपाटा घातला.

दुसऱ्या दिवशी मंदाताईंनी घरून डबाभर पोहे आणले. त्यांना मीच सांगितलं होतं. सरांना काही सांगितलं नव्हतं. ते आले, त्यांनी वास घेतला, दोन वेळा मागून खाल्ले आणि वर लिंबू पिळलं.

डॉ. शिरोळे वेळेवर आल्या. बरोबर एक सिस्टर होती, येरवड्याला राहणारी, माझ्यापेक्षा लहान. डॉक्टर म्हणाल्या, "आधी तुमच्यापैकी कोणावर तरी लावून दाखवा. माझ्या माणसांना पुरे झालं." मी सरांकडे बघितलं. सरांनी ऐटीत तोंड उघडलं.

लाल.

सरांचा चेहरा उतरला. "अहो, मी सुपारीसुद्धा खात नाही!" प्रोब बाजूला व्हायच्या आत ते बोलून गेले.

"पोहे खाता," मी म्हटलं. "जा, ब्रश करा, खळखळून चूळ भरा आणि या."

मंदाताईंनी नवा ब्रशही आणून ठेवला होता. सर बेसिनपाशी इतका वेळ घासत होते की डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. परत आले. हिरवा. मग सिस्टर बसली. ती उपाशीपोटी आली होती. मी तिच्या गालाला आतून प्रोब टेकवला. हिरवा. दुसरा गाल, हिरवा. जिभेची कड, हिरवा.

ती डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, माझे वडील याच आजारानं गेले. मागच्या वेळी लाल आला तेव्हापासून मी रात्री नीट झोपले नाही. घरी कोणाला सांगितलंसुद्धा नाही."

"मी सांगितलं होतं ना तुला, काही नाही म्हणून?" डॉक्टर म्हणाल्या, पण त्यांचा नेहमीचा कडक आवाज नव्हता. "यंत्र लाल म्हणालं की डॉक्टरचं कोण ऐकतं."

इतका वेळ आमच्यासाठी पणाला होती ती एक चिप आणि एक डेडलाइन. ती बाई इतके दिवस काय घेऊन फिरत होती याचा आम्ही विचारच केला नव्हता. ते ऐकून मला माझ्या सासू-सुनेच्या विनोदाची थोडी लाज वाटली.

"पण पेशंट खाऊनच येणार," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हळद तर सगळेच खातात. मग तुमच्या यंत्राचा उपयोग काय?"

त्यावर निखिल बोलला. घाबरलेला निखिल नव्हता हा. त्यानं स्क्रीनवर सरांचं लाल रीडिंग काढलं. "हे बघा. आमची चिप प्रत्येक फोटॉनची वेळ वेगळी ठेवते. इथं दोघं मिसळलेत. हे लवकर परत येणारं ते हळद, हे सावकाश येणारं ते सरांचा गाल. चिपनं दोन्ही बरोबर सांगितलं होतं. आम्हीच दोघांची सरासरी काढून एक आकडा करत होतो. हळद वेगळी काढता येते. आणि खूपच असली तर यंत्र स्वतःच सांगू शकतं."

डॉक्टर बराच वेळ ती रेघ बघत होत्या. "मग असं करा. लाल आणि हिरव्याच्या मध्ये एक पिवळा दिवा द्या. त्याचा अर्थ, चूळ भरून या."

दामले सरांनी दुपारच्या आत चिपचं डिझाइन पाठवायचा मेल केला. त्यांनी आम्हाला सांगितलं नाही. आम्हाला कळलं कारण मंदाताई उठून सगळ्यांसाठी चहा टाकायला गेल्या.

सुधारलेल्या चिपा आल्या, चालल्या. यंत्र आता डॉक्टरांच्या ओपीडीत आहे आणि त्याला पिवळा दिवा आहे. दिवसभरात सगळ्यात जास्त तोच लागतो असं त्या म्हणतात. निखिलचं लग्न झालं. डेमो असला की सर सकाळी फक्त उपमा खातात.

पुढच्या खंडेनवमीला मी ऑफिसात होते. आईचे गुडघे राहिले नाहीत, त्यामुळे नागपूर नव्हतं, विहारात दुसऱ्या दिवशी जायचं होतं. मंदाताई तबक घेऊन थेट माझ्याकडे आल्या. "सुजाता, कुठे लावू ते तू दाखव." मी यंत्राच्या पेटीचं हँडल दाखवलं. त्यांनी तिथे हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं आणि तबकातली चिमूटभर हळद मला एका छोट्या बाटलीत घालून दिली. ती बाटली आता रंगद्रव्याच्या बाटलीशेजारी असते. रोज सकाळी दोन्ही मोजतो. दोन्ही ओळखू आल्या की चहा.

यंत्र खोटं बोलतंय असं वाटलं की आम्ही अजूनही घाबरतो, पण आता चिप बदलायच्या आधी एक प्रश्न विचारतो: याच्या तोंडाला कोणी काही लावलंय का? बहुतेक वेळा लावलेलं असतं.